नोटीस लागते तेव्हा अर्धी मुदत संपलेली असते

प्रश्न असा आला आहे: "मी एम.एस्सी. ऑरगॅनिकच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. विभागाच्या नोटीस बोर्डावर आणि वर्गाच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं. फेलोशिप, कॉन्फरन्स, जेआरएफची जागा, कंपनीचा कॅम्पस. सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि शेवटी काहीच भरलं जात नाही. ओबीसीत आहे, घरून म्हणतात दोन वर्षांत कमावती हो. नेट करू, पीएचडी करू की नोकरी धरू? आणि कुठल्या बातमीकडे बघायचं, कुठली सोडायची?"

आधी त्या नोटीस बोर्डाबद्दलच सांगते. २७ वर्षं मी रसायनशास्त्र शिकवतेय आणि त्यातली नऊएक वर्षं त्या काचेच्या पेटीची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. फेलोशिपचं पत्र आधी कुलसचिव कार्यालयात येतं. तिथे आवक शिक्का बसतो. मग ते 'माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी' विभागाकडे निघतं. विभागप्रमुख त्या दिवशी दुसऱ्या गावी प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल म्हणून गेलेले असतात. ते परतले की पत्राच्या कोपऱ्यात 'नो.बो.' लिहून सही करतात, मग मी टाचणी शोधते. तोवर अंतिम तारखेला चार दिवस उरलेले असतात आणि त्यातला एक रविवार. ग्रुपवर पत्र लवकर येतं खरं, पण संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या केकखाली गाडलं जातं.

चार दिवसांत कुणाचाही धड अर्ज होत नाही. तुझं काहीच भरलं जात नाही ते आळसामुळे नाही, तू नोटिशीची वाट बघतेस म्हणून. या सगळ्या गोष्टी दरवर्षी साधारण त्याच महिन्यांत येतात, फक्त तारखा मागेपुढे होतात. म्हणून मी मुलांना वर्षाचं वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते.

ते थोडक्यात असं. ऑगस्ट संपता संपता गेटचे, म्हणजे इंजिनिअरिंग-विज्ञानाच्या त्या राष्ट्रीय परीक्षेचे, फॉर्म सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत. सप्टेंबरात यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेची जाहिरात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बंगळुरूची इंडियन अकॅडमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिपचे अर्ज मागवतात. डिसेंबरात अमेरिकेतल्या बहुतेक पीएचडींच्या मुदती. नव्या वर्षाच्या तोंडावर कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम व्हीएसआरपी आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या (बीएआरसी) ट्रेनिंग स्कूलचे अर्ज. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली (एनसीएल) पीएचडी अ‍ॅक्सिर या सीएसआयआरच्या अकादमीमार्फत, प्रवेश जानेवारी आणि ऑगस्ट असे दोनदा. सीएसआयआर नेट, म्हणजे विज्ञानातल्या प्राध्यापकी आणि संशोधनाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हीही वर्षातून दोनदा. नावात जून आणि डिसेंबर असतं, पेपर प्रत्यक्षात कधी होईल ते परीक्षा घेणारी एनटीए जाणे.

यातल्या दोन गाड्या तुझ्या सुटल्या आहेत. अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आणि व्हीएसआरपी हे पहिल्या वर्षाला असताना भरायचं असतं, म्हणजे उन्हाळ्यात जायचं आणि परत येऊन दुसरं वर्ष करायचं. पण ज्युनियरना सांग. आपल्याकडे सीनियर ज्युनियरला नोट्स देतात, जर्नल देतात, तारखा देत नाहीत.

आता नेटचं. त्यावर जेवढं बोललं जातं त्याच्या निम्मंही पेपराकडे बघितलं जात नाही. केमिकल सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा, वेळ तीन तास. भाग अ मध्ये २० पैकी १५ प्रश्न, भाग ब मध्ये ४० पैकी ३५, हे दोन-दोन गुणांचे. भाग क मध्ये ६० पैकी जास्तीत जास्त २५ सोडवायचे, प्रत्येकी चार गुण. चुकलं तर त्या प्रश्नाच्या २५ टक्के गुण कापतात. म्हणजे अर्धा पेपर त्या २५ प्रश्नांत आहे, आणि ते ६०मधून निवडायची मुभा तुला आहे. आता हिशेब कर. एकीने भाग क मध्ये १४च प्रश्न सोडवले, ११ बरोबर, तीन चूक. ४४ वजा तीन, ४१ गुण. दुसरीचेही ११च बरोबर आले, पण तिने '२५ पूर्ण करायचेच' म्हणून आणखी ११ ठोकले आणि चुकवले. ४४ वजा १४, ३०. अभ्यास दोघींचा सारखाच आणि फरक ११ गुणांचा. इतक्यावर जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, जाते. माझ्या मते ऑरगॅनिकवालीने ऑरगॅनिकबरोबर इनऑरगॅनिकचे चार-पाच मुद्दे, म्हणजे कोऑर्डिनेशन, ऑर्गॅनोमेटॅलिक, ग्रुप थिअरी वगैरे, इतके पक्के करावेत की भाग क मध्ये हात थरथरू नये. फिजिकलमधलं क्वांटम नाही जमलं तर सोडून दे. मलाही ते धड जमत नसे, आणि तरी मी इथवर आले.

जून २०२४पासून नेटच्या निकालात तीन प्रकार पडतात: जेआरएफ आणि असिस्टंट प्रोफेसर, असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, आणि नुसता पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात पास झालीस तर पीएचडी प्रवेशासाठी तो निकाल एकच वर्ष चालतो, आणि प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन. मुलं पेढे वाटतात आणि निवांत बसतात. त्या वर्षात तुझ्या विद्यापीठाने पीएचडीच्या जागा जाहीर केल्या नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. निकालाच्या दिवशीच तीन-चार विद्यापीठांची आणि संस्थांची प्रवेशाची पानं उघडून बसायचं.

सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा, तीही दे. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे चालते, उणे गुण नाहीत, वयाची अट नाही. जुलै २०२३पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट किंवा सेट ही किमान अट झाली आणि पीएचडी ऐच्छिक, त्यामुळे सेटचा भाव वाढला आहे. मात्र सेट झाली की प्राध्यापकी मिळाली असं घरी सांगू नकोस. माझ्या ओळखीची सेट-नेट दोन्ही झालेली मुलं तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतात आणि मधल्या वेळात एसटी स्टँडवर डबा खातात. कायम जागा निघते तेव्हा निघते.

एक गोंधळ इथेच मिटवते, कारण तुझ्या प्रश्नातही तो दिसतो. बोर्डावर लागते ती 'जेआरएफची जागा' आणि नेटची जेआरएफ या वेगळ्या गोष्टी. नेटची जेआरएफ तुझ्या नावावर असते. जानेवारी २०२३पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, पुढे एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो, झालीस की ४२,०००, घरभाडं वेगळं. तू कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेत ती घेऊन जाऊ शकतेस. बोर्डावरची जागा ही कुणा प्राध्यापकाला मिळालेल्या प्रकल्पातली असते. पैसा प्रकल्पाचा, प्रकल्प संपला की जागा संपली. वाईट नाही, माझ्या दोन चांगल्या विद्यार्थिनींनी तिथूनच सुरुवात केली. पण मुलाखतीत तीन गोष्टी विचारायच्या आणि विचारताना लाजायचं नाही: प्रकल्पाचे किती महिने शिल्लक आहेत, याच कामावर पीएचडीची नोंदणी करता येईल का, आणि पेपरवर माझं नाव येईल का. आठ महिने उरलेल्या प्रकल्पात शिरून नंतर 'सरांनी वापरून घेतलं' म्हणण्यात अर्थ नाही.

तुझ्यासाठी त्याहून कामाची गोष्ट म्हणजे राज्याच्या फेलोशिपा. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याची सारथी, आणि ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. या नेट झाली नसली तरी मिळू शकतात, पण पीएचडीची नोंदणी झालेली लागते. आणि कागद लागतात. इथे एका मुलाची गोष्ट सांगते. हुशार, विषय मंजूर झालेला, मार्गदर्शक चांगले. एप्रिलमध्ये फॉर्म भरायला बसला तर नॉन-क्रिमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपलेली. नवीन काढायला तहसीलला गेला, तिथे वडिलांचा उत्पन्नाचा दाखला मागितला, तोही संपलेला. सगळं गोळा होईपर्यंत खिडकी बंद झाली. पुढच्या जाहिरातीपर्यंत त्याने रात्री शिकवण्या घेतल्या. कामात हुशारी कमी पडली असती तर समजून घेतलं असतं.

म्हणून एक फोल्डर. मोबाईलमध्ये नाही, मोबाईल हरवतो. ईमेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेव. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमी लेयर, अधिवास, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट फोटो, सहीचा स्कॅन. नावातला फरक आत्ताच तपास. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरंच, हे मी दर वर्षी बघते. आणि एक पानाचा बायोडेटा. एकच पान. त्यात 'छंद: वाचन, संगीत ऐकणे' नको; तू कुठली उपकरणं स्वतःच्या हाताने चालवली आहेस ते हवं.

उपकरणांवरून आठवलं. विभागात एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारं यंत्र, नाही ही तक्रार मी पहिल्या वर्षापासून ऐकतेय आणि ती खरी आहे. पण २०२०च्या जानेवारीत आय-स्टेम नावाचं केंद्राचं पोर्टल सुरू झालं, त्यावर देशभरातल्या संस्थांची उपकरणं दिसतात आणि बाहेरचा माणूसही वेळ मागू शकतो. पवईला आयआयटीत सैफ हे अशाच उपकरणांचं केंद्र आहे, तिथे नमुने पाठवता येतात. अर्ज मार्गदर्शकांच्या नावे जातो, शुल्क भरावं लागतं, पण विद्यापीठांना ते सवलतीत असतं. तुझ्या प्रोजेक्टच्या तीन नमुन्यांचे स्वच्छ स्पेक्ट्रा हातात असणं हे तीन कॉन्फरन्सच्या प्रमाणपत्रांहून जड. तसंच वाचनाचं. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, जानेवारी २०२५पासून सुरू. अमेरिकन केमिकल सोसायटी, एल्सेव्हियर, वायली, सगळे त्यात. सरकारी विद्यापीठातल्या मुलीला आज पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेतल्या मुलीइतकंच वाचायला मिळू शकतं. आमच्या विभागातल्या निम्म्या मुलांना हे ग्रंथपालांनी नव्हे, कँटीनवाल्याच्या मुलाने सांगितलं. तो दुसरीकडे इंजिनिअरिंगला आहे. तुझ्या ग्रंथालयात जाऊन विचार, लॉगिन मिळवून घे.

ओजेटीचा, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचा, विषय मला टाळायचा होता, पण टाळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी ओजेटीचे चार क्रेडिट आले. कल्पना चांगली. प्रत्यक्षात काय होतं? काकांच्या ओळखीच्या फिनाईल बनवणाऱ्याचं लेटरहेड, त्यावर शिक्का, 'समाधानकारक काम केले'. मी अशी प्रमाणपत्रं स्वीकारली आहेत, खोटं बोलत नाही. ऐंशी मुलांना जागा कुठून आणायची? पण ज्या तीन मुली खरोखर एका पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत महिनाभर गेल्या, त्यांना विद्राव्य ऑक्सिजनचा नमुना बाटलीत बुडबुडा न राहू देता कसा भरायचा, तो जागच्या जागी का बांधून ठेवायचा, हे हाताला माहीत झालं. त्यातल्या दोघी आज नोकरीला आहेत. तुझी ओजेटी कशी झाली ते तुझं तुला माहीत. कागदावरची असेल तर दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस कुठेतरी खरी कर. क्रेडिट मिळणार नाहीत. मुलाखतीत बोलायला काहीतरी असेल.

कंपन्यांबद्दल तू सर्वांत कमी विचारलंस, आणि घरची परिस्थिती बघता तेच तुला सर्वांत आधी लागणार आहे. रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला महाराष्ट्रात काम आहे. तारापूर, महाड, लोटे, रोहा, पाताळगंगा, अंबरनाथ, कुरकुंभ, वाळूज. खाली गोव्यात वेर्णा. कॅम्पसची नोटीस लागली की 'पॅकेज किती' हे पहिलं विचारलं जातं. त्याआधी विचार: कुठल्या विभागात घेणार? क्यूसी (माल तपासणारी प्रयोगशाळा), क्यूए (गुणवत्तेची कागदपत्रं आणि पद्धती), आर अँड डी (संशोधन) की प्रॉडक्शन? मुलींना बहुतेक ठिकाणी प्रॉडक्शनला घेत नाहीत. बरोबर की चूक हा वेगळा वाद. क्यूसीत शिरलीस तर शिफ्ट आहेत का, कंपनीची बस कुठून सुटते, बाँड आहे का, हेही विचारून घे.

आणि मुलाखत. कंपन्यांची माणसं येतात तेव्हा मी मागच्या बाकावर बसते, त्यामुळे प्रश्न पाठ झालेत. एक ठरलेला, मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरचा: "एचपीएलसीवर फॉस्फेट बफर चालवलंत, काम संपलं, आता कॉलमचं काय करता?" आमची मुलं म्हणतात, "सर, स्विच ऑफ करतो." समोरचा माणूस हसत नाही, फक्त कागदावर काहीतरी लिहितो. बफर तसंच राहिलं तर क्षार कॉलममध्ये आणि पंपाच्या सीलवर बसतात. त्यावर थेट अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं तर क्षार तिथल्या तिथे द्रावणातून सुटून खाली बसतात आणि प्रेशर चढतं. म्हणून आधी बफर नसलेलं, पाण्याचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण, मग हळूहळू ऑरगॅनिक वाढवायचं, आणि कॉलम त्यातच ठेवायचा. हे पुस्तकात एका ओळीत असतं. ज्याने एकदा कॉलम घालवला आहे तो मात्र दोन मिनिटं बोलतो. दुसरा प्रश्न: थायोसल्फेटच्या टायट्रेशनमध्ये स्टार्च शेवटी का घालायचं? 'सरांनी सांगितलं म्हणून' हे उत्तर मी स्वतः ऐकलंय. आयोडीन भरपूर असताना स्टार्च घातलं तर तो निळा गोळा इतका घट्ट धरून बसतो की अंतिम बिंदू पुढे सरकतो. द्रावण फिकट गवती पिवळं झालं की मगच घालायचं.

एकदा एका कंपनीच्या माणसाने मुलांकडे जर्नल नाही, प्रॅक्टिकलची कच्ची वही मागितली. एकीने पक्कं जर्नल पुढे केलं, मोत्यासारखं अक्षर, सगळे यिल्ड ८५च्या वर. दुसऱ्याने जुन्या डायरीत लिहिलेली वही दिली, अ‍ॅसिडने एक पान खाल्लेलं. त्यात एका ठिकाणी '३.४२' वर एकच आडवी रेघ मारून शेजारी '३.२४' आणि खाली सही-तारीख होती. पुढे 'रिअ‍ॅक्शन काळी पडली, टाकून दिली, उद्या बर्फात करणे.' त्याला घेतलं. औषध कंपनीत खाडाखोड करून आकडा गिरवणं हा गुन्हा मानतात. जुना आकडा वाचता यायला हवा, दुरुस्ती कुणी आणि कधी केली ते दिसायला हवं. मी त्या दिवसापासून वर्गात व्हाइटनर दिसला की जप्त करते.

बोर्डावर क्वचितच लागतात पण आपल्या डिग्रीवर मिळतात अशा काही जागाही सांगून टाकते. मघाशी म्हटलेल्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात केमिस्ट घेतात, राजपत्रित गट अ. पूर्वपरीक्षा फेब्रुवारीत, मुख्य जूनमध्ये, आणि मुख्य परीक्षेत रसायनशास्त्राचे तीन पेपर प्रत्येकी २०० गुणांचे, लेखी. नेटसारखी पर्यायांवर खुणा करायची सवय तिथे चालत नाही, मेकॅनिझम पान-पान लिहावी लागते. अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी चालते. पोरं समजतात ते फक्त फूड टेक्नॉलॉजीवाल्यांचं. ती भरती एमपीएससी करते. पुढे अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव झाला की एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, फूड अ‍ॅनालिस्टची परीक्षा देता येते. प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत. आणि पेटंट एजंटची परीक्षा. ती विज्ञानाच्या कुठल्याही पदवीवर देता येते, आणि ऑरगॅनिकवालीला औषधांची पेटंट वाचणं इतरांपेक्षा सोपं जातं. बसून वाचायचा कंटाळा नसेल तर हे फार चांगलं काम आहे.

पीएचडी करायचीच ठरली तर मार्गदर्शक निवडायची माझी पद्धत सांगते. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडीच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, जा. त्या प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघड. नोंदणी कधी, प्रबंध कधी सादर झाला, किती वर्षं लागली ते मांड. मग तोच विद्यार्थी पेपरवर पहिल्या क्रमांकावर आहे की चौथ्या, ते बघ. पंधरा मिनिटांचं काम. विभागाच्या कॉरिडॉरमधल्या कुजबुजीपेक्षा हे खरं बोलतं.

मग त्यांना ईमेल. मला वर्षाला शंभरेक येतात, सगळे सारखे: आदरणीय सर (मी बाई आहे), आपल्या सुप्रसिद्ध प्रयोगशाळेत काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. ते मी उघडून बंद करते. तीन वर्षांपूर्वी एक वेगळा आला. इंग्रजीत होता, सार सांगते. "आमच्या प्रोजेक्टमध्ये सुझुकी कपलिंग करताना टीएलसीवर होमोकपलिंगचा ठिपका येत होता. सॉल्व्हंटमधून अर्धा तास नायट्रोजन सोडला तेव्हा तो फिका झाला. तुमच्या पेपरात उघड्या हवेत करूनही तो येत नाही असं दिलं आहे. ते लिगँडमुळे की बेसमुळे? मला ते करून बघायला आवडेल." खाली नाव, कॉलेज, फोन. तालुक्याच्या कॉलेजचा मुलगा, ५८ टक्के. मी त्याच दिवशी फोन केला.

शिफारसपत्राचंही तसंच. "मॅडम, उद्या लास्ट डेट आहे, मी लिहून आणलंय, फक्त सही करा." सही मी करते, पण त्या पत्रात माझं काही नसतं आणि वाचणाऱ्याला ते कळतं. तीन आठवडे आधी ये, माझ्याबरोबर काय काम केलंस त्याच्या चार ओळी दे, कुठे आणि कशासाठी अर्ज करतेस ते सांग. तुला ओळखणाऱ्या दोन शिक्षकांकडे या महिन्यातच जाऊन बस. गुणांनी ओळखणारे नकोत, प्रयोगशाळेत पाहिलेले हवेत.

सोडायच्या बातम्या ओळखणं सोपं आहे. पैसे भरून इंटर्नशिप, पैसे भरून 'इंटरनॅशनल' कॉन्फरन्सचं ऑनलाइन प्रमाणपत्र, आठ दिवसांत पेपर छापून देणारं जर्नल. पूर्वी मान्य जर्नलांची यूजीसी-केअर ही यादी होती, फेब्रुवारी २०२५मध्ये ती बंद झाली. आता जर्नल खरं की खोटं हे आपणच बघायचं. तुझ्या मार्गदर्शकांनी गेल्या पाच वर्षांत ज्या जर्नलचा एकही लेख वाचलेला नाही तिथे तुझा पेपर जाऊन काय करणार आहे? आविष्कार ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा मात्र सोडू नकोस. विद्यापीठ पातळीवर आधी होतं, परीक्षक बाहेरचे असतात, पोस्टरसमोर उभं राहून पाच मिनिटांत काम सांगावं लागतं. फक्त विषय आपला घे. २०२५चं रसायनाचं नोबेल एमओएफला, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्यांना, मिळाल्यापासून दर दुसऱ्या पोस्टरवर त्या जाळ्या लटकलेल्या दिसतात आणि 'छिद्राचा आकार कसा मोजला' विचारलं की शांतता. आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, पाषाणला एनसीएल सगळ्यांसाठी उघडी असते. वर्गातल्या चौघींनी मिळून जा, पोस्टरजवळ उभ्या असलेल्या पीएचडीच्या मुलांशी बोला. तिथे कुठल्या गटात जागा होणार आहे हे जाहिरातीच्या सहा महिने आधी कळतं.

आता तुझा खरा प्रश्न, नेट की पीएचडी की नोकरी. घरच्यांना दोन वर्षांत पगार हवा आहे, ते चूक नाहीत. मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं: या महिन्यात गेटचा फॉर्म, कारण त्याचे गुण तीन वर्षं चालतात. डिसेंबरची नेट पहिली म्हणून द्यायची, मिळाली तर उत्तमच. चौथ्या सेमिस्टरला कॅम्पसमध्ये क्यूसी किंवा आर अँड डी, जे आधी येईल ते घ्यायचं आणि जायचं. दोन वर्षं कंपनीत हाताला शिस्त लागते, घरी पैसे जातात, आणि गेटचे गुण अजून जिवंत असतात. तेव्हा पीएचडीची ओढ राहिली असेल तर ती खरी. तोवर महाज्योतीची जाहिरात येईल आणि तुझे कागद तयार असतील. माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींना हे पटत नाही. ते म्हणतात, नोकरीला गेलेला परत येत नाही. बरेच येत नाहीत हे खरं आहे. पण जे आलेत ते नोंदणीनंतर सहा महिन्यांत कामाला लागलेत, त्यांना वजनकाटा कसा लेव्हल करायचा हे शिकवावं लागलेलं नाही.

नॉन-क्रिमी लेयरवरची तारीख आज बघ. पुढच्या मार्चला संपत असेल तर दिवाळीला गावी जाशील तेव्हाच वडिलांच्या उत्पन्नाचे कागद घेऊन सेतूत जाऊन ये. मार्चमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते, आणि सर्व्हर नेमका दुपारी बंद पडतो.